मदत हवी आहे : अभ्यासिकेच्या वायफायचं लॉगिन पान काही फोनवर उघडत नाही

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला आमची छोटी सार्वजनिक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मोफत वायफाय सुरू केलंय. १०० एमबीपीएसची फायबर लाइन, दोन ॲक्सेस पॉइंट आणि मोबाइल नंबर टाकून ओटीपी घेणारं लॉगिन पान.

लॅपटॉप आणि बरेच फोन नीट जोडले जातात. काही अँड्रॉइड फोनवर मात्र सिग्नल फुल, पण लॉगिन पान येतच नाही, नुसतं 'इंटरनेट उपलब्ध नाही' दिसतं.

नेटवर्क 'विसरा' करून, मोबाइल डेटा बंद करून, राउटर रीस्टार्ट करून झालं. शेवटी सापडलं ते असं : जाहिराती अडवायला ज्यांनी फोनच्या 'खाजगी डीएनएस' सेटिंगमध्ये (डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) एखाद्या सर्व्हरचं नाव भरलंय, तेच फोन अडकतात. लॉगिनआधी राउटर त्या सर्व्हरपर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे बहुधा फोनची 'इंटरनेट आहे का' ही तपासणीची विनंतीच निघत नाही आणि राउटरला ती लॉगिन पानाकडे वळवता येत नाही. ते सेटिंग बंद केलं की पान लगेच येतं.

पण रोज नवी मुलं येतात, प्रत्येकाच्या फोनचं सेटिंग बदलत बसणं शक्य नाही. ओटीपी काढून सरसकट एकच पासवर्ड ठेवायचा नाही, कोण वापरतंय याची नोंद हवी. नवीन राउटरला सध्या पैसे नाहीत. आहे त्यात डीएचसीपी ऑप्शन (फोन जोडताना राउटर त्याला जी माहिती देतो ती) आणि फायरवॉल (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याचे नियम) दोन्ही बदलता येतात.

तर लॉगिनआधी पोर्ट ८५३ (खाजगी डीएनएस ज्या वाटेने जातो ती) मोकळा ठेवावा, की डीएचसीपी ऑप्शन ११४ मधून लॉगिनचा पत्ता फोनला कळवावा? ८५३ मोकळा ठेवल्यास कुणी त्यातूनच फुकट नेट वापरू शकेल का?