चौथीच्या वर्गात कागदाचा पूल: तुम्ही कसा घ्याल?

माणदेशी_बाई
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. विज्ञानाचे प्रयोग म्हणजे मी टेबलावर करून दाखवायचे आणि पोरांनी बघायचे, याचा मला कंटाळा आलाय, म्हणून या वेळी मुलांना स्वतः डोकं लावून काहीतरी बनवू द्यायचंय. दोन बाकांमध्ये २० सेंमी अंतर, एक ए-फोर कागद, वर नाणी ठेवत जायची आणि कोणाचा पूल किती पेलतो ते बघायचं, एवढं ठरलंय. पण एका गटाने घडी घातली की बाकीचे तेच करणार, एखादा हुशार मुलगा सगळं स्वतःच करणार आणि तासिका ३५ मिनिटांची, त्यात पूल मोडला की पोरं हिरमुसणार. शिवाय केंद्रप्रमुखांनी विचारलं की यात आणि हस्तकलेत फरक काय, तर काय सांगू? कोणी वर्गात खरंच घेतलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

पूलवाला
बाई, मी सिव्हिलवाला, शिकवण्याचं इतर जाणकार सांगतीलच, मी पुलाचं सांगतो. सपाट कागद स्वतःच्या वजनानेच वाकतो हे आधी पोरांना बघू द्या. मग प्रत्येकाच्या हातात फूटपट्टी द्या, आडवी धरून वाकवायला सांगा आणि मग कडेवर उभी धरून. पट्टी तीच, पण उभी वाकतच नाही. वाकण्याला विरोध किती होणार ते जाडीपेक्षा उंचीवर जास्त अवलंबून असतं, उंची दुप्पट केली की विरोध आठपट होतो. कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या की आपण त्याला उंचीच देतो.

आता गंमत अशी की निम्मी पोरं घड्या उलट्या दिशेने घालतील, म्हणजे बाकाला समांतर, आणि पूल लगेच बसेल. घडी या बाकापासून त्या बाकापर्यंत जायला हवी. हे तुम्ही सांगू नका हं! शाळेच्या शेडखाली नेऊन पन्हळी पत्रा दाखवा आणि त्याच्या खालचा लोखंडी पाईप पन्हळींना आडवा का टाकलाय एवढंच विचारा.

नाण्यांबद्दल एक सांगतो. एक रुपयाचं २०११ च्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅम आणि २०१९ च्या मालिकेतलं ३.०९ ग्रॅम, त्यामुळे मिसळून वापरली तर दोन गटांची तुलना खोटी ठरते. हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे वायसर आणा, ते बरे पडतात. आणि वजन मधोमध ठेवायचं की पसरून, ते सगळ्यांसाठी एकच ठरवा, मधोमध ठेवलं तर पूल लवकर जातो.

निवृत्त_गुरुजी
पूलवाल्यांनी छान लिहिलंय. वर्गाचं मी सांगतो.

कॉपीची काळजी एका गोष्टीने निम्मी मिटते: साहित्य वाटायच्या आधी प्रत्येकाने एकट्याने पाटीवर आपला पूल काढायचा, न बोलता. मग गटात चारही पाट्या शेजारी ठेवून कोणता पूल करायचा आणि का, हे ठरवायचं. यात गप्प बसणाऱ्या मुलीची कल्पनाही पुढे येते आणि हुशार मुलाला निदान इतरांच्या पाट्या बघाव्याच लागतात. आणि पहिली फेरी झाल्यावर एकमेकांचं बघून उचललं तर उचलू दे की, फक्त कोणाकडून काय घेतलं आणि त्यात आपण काय बदललं हे सांगायचं.

एका तासिकेत कोंबू नका, दोन दिवस घ्या. पहिल्या दिवशी पाटी, पहिला पूल आणि मोडणं. दुसऱ्या दिवशी नवा कागद आणि सुधारलेला पूल. माझं ठाम मत आहे की दुसरा कागद दिला नाही तर धडा झालाच नाही, नुसती स्पर्धा झाली. पूल मोडला की 'कुठून मोडला' एवढंच विचारायचं. मधून वाकला, घड्या बाजूला फाकल्या की टोक बाकावरून घसरलं? तिन्हींवर उपाय वेगवेगळे. फाकत असतील तर खालून चिकटपट्टीचा पट्टा लावून बघतील, पण चिकटपट्टी किती सेंमी मिळणार ते आधीच ठरलेलं असू द्या. आणि बक्षीस ठेवू नका, बक्षिसापायी पोरं मोडक्या पुलाकडे बघतसुद्धा नाहीत.

अरविंद गुप्तांच्या साईटवर टाकाऊतून खेळण्यांचे मराठी व्हिडिओ फुकट आहेत, जरूर दाखवा. पण त्यात करायचं कसं ते दाखवलेलं असतं. डिझाइनसाठी खेळणं झाल्यावर पुढचा प्रश्न तुम्ही घालायचा, हीच गाडी जास्त लांब जायला काय बदलशील वगैरे.

जर्सीकर_आई
माझा मुलगा इथे न्यू जर्सीत चौथीत आहे. अमेरिकेत २०१३ साली जे नवीन विज्ञान स्टँडर्ड्स आले त्यात तिसरी ते पाचवीसाठी इंजिनिअरिंग डिझाइन वेगळं धरलंय: गरज काय आणि मर्यादा कोणत्या ते सांगता येणं, एकापेक्षा जास्त उपाय काढून त्यांची तुलना करणं, आणि चाचणी घेऊन कुठे फेल होतंय ते शोधणं. बोस्टनच्या सायन्स म्युझियमने प्राथमिकसाठी याच्या पाच पायऱ्या केल्यात, विचारा, कल्पना करा, आखणी करा, बनवा, सुधारा. गुरुजी दुसऱ्या कागदाचं म्हणतात ती ही शेवटची पायरी. केंद्रप्रमुखांना हेच सांगा ना ताई, हस्तकलेत वस्तू छान दिसली की काम झालं, इथे ती ठरलेल्या अटीत बसते का ते मोजायचं आणि नाही बसली तर कारण शोधून बदलायचं.

पूलवाला
मोजण्यावरून आठवलं. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, ए-फोर कागद ५ ग्रॅम भरतो, कारण असे १६ कागद म्हणजे १ चौरस मीटर. पूल समजा २४० ग्रॅम पेलला तर तो स्वतःच्या ४८ पट झाला. भागाकार आयताच आला, चौथीला करायला लावा.

माणदेशी_बाई
सगळ्यांचे खूप आभार, पत्र्याचं आणि पाट्यांचं तर नक्की करणार. अजून एक, पुलानंतर गावाशी जोडलेलं काही सुचवाल का? मार्चपासून आमच्याकडे भाजी दुपारपर्यंत सुकते, त्यावर काही?

निवृत्त_गुरुजी
अगदी मस्त विषय! मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये वाळू, वाळू ओली ठेवायची आणि तोंडावर ओलं फडकं. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, आतलं गार राहतं. गटांनी मधला माल वेगवेगळा घ्यावा, वाळू, लाकडाचा भुसा, माती, आणि कोथिंबिरीची सारखी जुडी प्रत्येकात. एक जुडी बाहेर ठेवायला विसरू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार? फक्त मडकी आतून-बाहेरून रंगवलेली नकोत, पाणी झिरपायला हवं.

रत्नांग्रीकर
तुमच्या कोरड्या हवेत हे झकास चालेल. आमच्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की मडकं फारसं गार होत नाही. दोन्हीकडच्या शाळांनी एकाच आठवड्यात थर्मामीटर लावून केलं तर आकडे शेजारी ठेवता येतील. आमच्या शाळेतल्या मॅडमना विचारतो, जमत असेल तर इथेच कळवतो.