लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमधून आजीचा फोटो मोठा कसा करायचा?

प्रश्न: १९९४ सालच्या आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आजी अक्षता टाकताना मोजून तीन सेकंद दिसते. तिचा हसरा असा दुसरा फोटोच नाही. कॅसेट डिजिटल करून घेतली, फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) ७२० बाय ५७६ पिक्सेलची आहे. वर्षश्राद्धाला १२ बाय १८ इंची फोटो लावायचाय. पण हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात आणि चेहरा किंचित लांबट वाटतो. स्टुडिओवाल्याने एआयने मोठा करून दिला, तर आजीच्या हनुवटीवरचं गोंदणच गेलं. ती बाई माझी आजी नाही हो.

उत्तर १: रेघा इंटरलेसिंगच्या. पाल व्हिडिओत (भारतात वापरली जाणारी टीव्ही पद्धत) एका फ्रेममध्ये १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं असतात. मूळ फाइलवर एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरचा, या रेघा काढणारा 'यादिफ' फिल्टर चालवा, फ्रेम नंतर काढा. लांबट चेहऱ्यासाठी रुंदी ७६८ करा; पालचे पिक्सेल चौरस नसतात.

उत्तर २: आजी जिथे स्थिर आहे तिथल्या सात-आठ फ्रेम फोटोशॉपमध्ये एकावर एक जुळवून सरासरी काढा. दाणे कमी होतात, गोंदण राहतं. मग दुप्पट करा, त्याहून जास्त नको. २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) साडेसात इंचांहून थोडी जास्त रुंदी मिळते. मॅट कागदावर छापा, भोवती रुंद माउंट (जाड कागदाची कोरी चौकट) ठेवा, फोटोफ्रेम १२ बाय १८ चीच घ्या.

प्रश्नकर्ती: केलं. गोंदण दिसतंय! आईने फोटोवरून हात फिरवला.