लंडनच्या आसपासचं सोडून ईडन खोऱ्यात राहायला यावं का?

ईडनकाठ

लंडनजवळच्या रेडिंगच्या माझ्या मैत्रिणीला पेनरिथमध्ये चांगली नोकरी मिळतेय आणि जो तो तिला सांगतोय की जाऊ नको, तिकडे मेंढ्यांशिवाय कोणी नाही, पोरं कंटाळतील, तू एकटी पडशील. मी ॲपलबीजवळच्या खेड्यात राहते. असलं काही ऐकलं की राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेनरिथ, ॲपलबी, कर्बी स्टीफन, ऑल्स्टन हा सगळा पट्टा म्हणजे इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियातला आधीचा ईडन जिल्हा. 2023 मध्ये ते काउन्सिल बंद झालं आणि सगळं वेस्टमोरलँड अँड फर्नेस या नव्या काउन्सिलमध्ये गेलं. मुंबईच्या तिपटीहून मोठा भाग, आणि 2021 च्या जनगणनेत माणसं जेमतेम 55 हजार. इंग्लंडमधला सगळ्यात विरळ वस्तीचा जिल्हा होता हा, त्यामुळे शांतता भरपूर आहे. पण म्हणून इथे कोणी कोणाला विचारत नाही असं नाही, उलट इथे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते आणि ते सगळ्यांना माहीत असतं. फेलरनर म्हणून मिनीबस आहे, ती गावोगावचे लोक पगार न घेता चालवतात. फेलवर, म्हणजे इथल्या उघड्या डोंगरावर, कोणी अडकलं तर पेनरिथ, पॅटरडेल, कर्बी स्टीफनच्या माउंटन रेस्क्यू टीम जातात, त्यात कोणाला एक पेनी मिळत नाही, लोक हातातलं काम टाकून निघतात. लँगवथबीला एअर ॲम्ब्युलन्सचा तळ आहे, तीही चॅरिटीवर चालते, म्हणजे आम्ही व्हिलेज हॉलमध्ये क्विझ आणि सूप लंच ठेवतो त्यातून तिला पैसे जातात. मी हॉलच्या कमिटीत आहे आणि ॲपलबीत जिच्याकडून अंडी घेते तिच्यापासून शाळेच्या हेडटीचरपर्यंत सगळे मला नावाने ओळखतात.

माझं मत सरळ आहे. शांतता हवी म्हणून दार लावून बसायला येणार असाल तर येऊ नका. गावातलं एखादं काम अंगावर घेणार असाल तर जरूर या, असा शेजार लंडनच्या आसपास मिळणार नाही.

रात्रपाळी

ताई, तुमचा शेजार चांगला आहे यावर माझा वाद नाही. पण मी कार्लाइलला हॉस्पिटलात काम करते आणि मला या गोष्टीची दुसरी बाजू रोज दिसते. माणसं फुकट बस चालवतात हे कौतुकाचं आहे हो, पण ती बस चालवावी का लागते? कारण नेहमीची बस नाही. फेलरनर ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावातून जाते आणि दुपारपर्यंत परत येते, तुमची अपॉइंटमेंट वेगळ्या वारी असेल तर काय करणार? सरकारने बसच्या तिकिटावर आधी 2 पौंडांची मर्यादा घातली, 2025 पासून ती 3 पौंड केली, पण बसच नसेल तर तिकीट स्वस्त असून फायदा कोणाला?

ऑल्स्टनला छोटं हॉस्पिटल आहे, त्यातल्या रुग्णांच्या खाटा 2017 च्या निर्णयाने गेल्या. ऑल्स्टन ते कार्लाइल हिवाळ्यात रात्री गाडी चालवून बघा. म्हातारा नवरा ॲडमिट आहे आणि बायको गाडी चालवत नाही म्हणून ती भेटायला येऊ शकत नाही, हे बघवत नाही मला.

आणि आपल्याकडून नवीन आलेल्यांचं तर वेगळंच. भारतातल्या लायसन्सवर इथे 12 महिनेच गाडी चालवता येते, मग इथली टेस्ट पास व्हावी लागते, तिची तारीख लवकर मिळत नाही. तोपर्यंत नोकरी करणारा एक जण बाहेर आणि दुसरं माणूस घरात अडकलेलं. तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा विचार केलाय का कोणी?

कोरडवाहू

घरची शेती बीडला, मी इथे कर्बी स्टीफनच्या बाजूला गाईगुरांच्या औषधांच्या कामात आहे त्यामुळे फार्मवर जाणं रोजचंच. मला ईडनकाठ यांचं पटतं, फक्त कमिटीत गेल्याशिवाय जमत नाही असं मला वाटत नाही. इथला शेतकरी आपल्यासारखाच आहे, घरचं विचारलं की गप्प होतो, पण गुरांचं विचारा, पावसाचं विचारा, तासभर बोलेल. हेल्म विंड म्हणून वारा आहे, क्रॉस फेल डोंगरावरून खाली घुसतो, ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेला हा एकच वारा, तो सुटला की दोन दोन दिवस कान बधिर होतात. त्याच्याबद्दल प्रत्येकाकडे काहीतरी सांगायला असतंच.

पण एका विषयावर पन्नाशीपुढचे लोक अजून आवाज खाली करून बोलतात. 2001 ची लाळ्या-खुरकुताची साथ. कंब्रियाला सगळ्यात जास्त फटका बसला, लाखो जनावरं मारली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले कळप गेले, वसंतात कुरणं रिकामी होती. तेव्हाची शांतता कशी होती ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितलं, आणि सांगता सांगता उठून बाहेर गेला. म्हणून बाहेरच्या कोणी ‘किती शांत, किती सुंदर’ म्हटलं की इथली माणसं नुसती मान हलवतात. मैत्रिणीला सांगा, आल्या आल्या निसर्गाचं कौतुक नको, लँबिंगच्या, म्हणजे मेंढ्या विण्याच्या दिवसात शेजाऱ्याला विचार काही मदत हवी का म्हणून.

मावशी_लेस्टर

मी लेस्टरला वीसेक वर्षांपासून आहे, बाहेर पडलं की कोपऱ्यावर भाजी, कढीपत्ता, मंदिर, सगळं. माझा भाचा तिकडे पेनरिथकडे राहून परत आला. मोठ्यांचं सोडा, मुलांचं काय? चाळीस मुलांची शाळा, त्यात एकच आपलं. कोणी वाईट वागत नाही, मान्य, पण रोज शाळेत तूच वेगळा दिसतोस हे सात वर्षांच्या मुलाने किती सोसायचं? गणपतीत आरतीला दहा माणसं मिळायची तर मँचेस्टर नाहीतर लीड्स गाठायचं. आईवडील भारतातून आले तर व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, कायमचं आणायचं तर 2012 पासून नियम इतके कडक आहेत की बहुतेकांना ते शक्यच नाही. ते सहा महिने त्यांनी काय करायचं, खिडकीतून मेंढ्या बघायच्या? लेस्टरला माझी आई एकटी बागेत जायची, तिथे तिला चार बायका गुजरातीत बोलायला मिळायच्या.

ईडनकाठ

मावशी, आईवडिलांचं तुमचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ओढूनताणून देणारही नाही. माझी सासू जूनमध्ये खूश असते, रात्री दहाला उजेड असतो, शेजारीण तिला बागेत नेते. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो तेव्हा तिला इथे बोलवायचं मी सोडून दिलंय.

पण मुलांबद्दल मला वेगळं दिसतं. माझ्या मुलीच्या वर्गात दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, मोठी मुलं लहानांना वाचायला मदत करतात, टीचरला प्रत्येक घर माहीत आहे. आणि इथे वेगळी माणसं येतच नाहीत असं नका समजू. दर जूनमध्ये ॲपलबीला घोड्यांची जत्रा भरते, जिप्सी आणि ट्रॅव्हलर या भटक्या समाजांचे लोक हजारोंनी येतात, ईडन नदीत घोडे धुतात, रस्त्यावर पळवून दाखवतात. गावातले काही लोक त्या आठवड्यात दुकानं बंद करून निघून जातात, काही जण वर्षभर वाट बघतात. यावरून इथे कडाक्याची भांडणं होतात, आणि माझी मुलगी ती ऐकत मोठी होतेय, कोण परका आणि कोण आपला हा प्रश्न तिला घराबाहेरच कळतोय. हे मला वाईट वाटत नाही.

साधा_हिशेब

सगळे मनाचंच बोलतायत, पैशाचं मी बोलतो. खेड्यात गॅसची पाइपलाइन नाही, बहुतेक घरं हीटिंग ऑइलवर. सरकारची एनर्जी प्राइस कॅप, म्हणजे दरावरची मर्यादा, गॅस आणि विजेला लागू होते, ऑइलला नाही, त्यामुळे 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर ज्यांची टाकी रिकामी होती ते मेलेच. ऑइल एकदम शेकडो लिटर घ्यावं लागतं, म्हणजे एका दिवसात मोठी रक्कम हातात हवी. अल्सवॉटर तळ्याच्या बाजूला चांगली घरं सेकंड होम (श्रीमंतांचं सुट्टीपुरतं दुसरं घर) आणि हॉलिडे लेट (पर्यटकांना भाड्याने) यात गेलीत, हॉटेलात काम करणाऱ्या पोरांना तिथे भाड्यानेही मिळत नाही. एप्रिल 2025 पासून सेकंड होमवर दुप्पट काउन्सिल टॅक्स लावायची मुभा आली, पण ज्याच्याकडे दोन घरं आहेत तो तेवढ्याने विकेल असं मला वाटत नाही. मैत्रिणीचा पगार लंडनसारखा राहणार असेल तर तिचं मजेत चालेल. पण ती मजेत राहील ते इथल्या पोरांना परवडत नाही अशाच एका घरात, हेही बोला.

रात्रपाळी

हेच म्हणायचं होतं मला. ईडनकाठ, तुम्ही म्हणता गावात काम उचला, उचलायलाच हवं, मीही उचलते. पण डिसेंबर 2015 मध्ये डेस्मंड वादळात पूली ब्रिज गावचा जुना दगडी पूल वाहून गेला तेव्हा लोकांनी एकमेकांच्या घरातला चिखल काढला, पूल मात्र लोकांनी बांधला नाही ना? नवा पक्का पूल 2020 मध्ये झाला तो सरकारी पैशाने, आणि तसाच व्हायला हवा होता. नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात कितीतरी घरं दिवसेंदिवस विजेविना होती. आता तर लँडलाइन इंटरनेटवर नेतायत, वीज गेली की फोनही बंद, आणि खेड्यात मोबाइलला रेंज नाही. ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईने ॲम्ब्युलन्स कशी बोलवायची? शेजाऱ्याने रोज दार वाजवून बघावं हे उत्तर मला चालत नाही. शेजारी पण सत्तरीचाच आहे.

ईडनकाठ

बसचे आणि फोनचे पैसे काउन्सिलने आणि कंपन्यांनी द्यावेत यावर मी तुमच्याबरोबर सही करीन, पॅरिश काउन्सिलच्या, म्हणजे गावच्या पंचायतीच्या मीटिंगला उभी राहून बोलतेही. पण तोपर्यंत ते दार कोणीतरी वाजवायला लागतंच, आणि आमच्या गल्लीत सत्तरीच्या खालची मी एकटी आहे. म्हणूनच मला मैत्रीण इथे हवी आहे. तिला सांगणार आहे की घर खेड्यात घेऊ नको, आधी पेनरिथला स्टेशनजवळ भाड्याने राहा, नवऱ्याची ड्रायव्हिंग टेस्ट होऊ दे, आणि बघायला यायचं तर जूनमध्ये नको, नोव्हेंबरात ये.