उकडा, असडी, हातसडी: ‘अख्खा’ तांदूळ नेमका कोणता?

(कोकणातल्या चौघांच्या गप्पा, प्रत्येकाचं नाव त्याच्या गावावरून.)

देवगड: आदिम आहारवाले, म्हणजे आदिमानवासारखं खा म्हणणारे (‘पॅलिओ’वाले), ‘पॉलिश नसलेला तांदूळ घ्या’ म्हणतात. दुकानात मागितला की कोणी उकडा काढतो, कोणी हातसडी, कोणी नुसता लाल. तिन्ही एकच का?

कुडाळ: अजिबात नाही. शेतातून येतं ते भात. घिरटावर, म्हणजे भात भरडायच्या जात्यावर, भरडलं की तूस जातं आणि कोंड्यासकट उरतो तो असडी तांदूळ. तो व्हायनात (जमिनीतल्या उखळात) मुसळानं सडला, म्हणजे कांडला, की कोंडा सुटतो. म्हणजे सडणं हे कोंडा काढायचंच काम! त्यामुळे हातसडीत कोंडा किती उरला, ते किती सडलं यावर. पिशवीवरचं छापील नाव सोडा, दाणा बघा. अंगावर सालीचा रंग आणि टोकाचा अंकुर शाबूत हवा. तुम्हाला हवा तो शब्द ‘असडी’.

मालवण: ‘लाल’ हा जातीचा गुण, रंग सालीत असतो, खूप घासला की लाल भातही पांढरा निघतो. उकडा म्हणजे भात तुसासकट भिजवून, तूस किंचित फुटेपर्यंत उकडून, वाळवून मग भरडलेला. न उकडलेला तो सुरय. उकडताना कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, म्हणून पुढे सडला तरी बरंचसं टिकतं. चोथा मात्र कोंड्याबरोबर जातो. भात कडक उन्हात घाईनं वाळवलं तर दाण्याला चिरा पडतात आणि गिरणीतून कण्याच हातात येतात.

देवगड: असडी पावसाळ्यात खवट का होतो?

कुडाळ: कोंड्यात तेल असतं. तूस निघालं की ते हवेला उघडं पडतं. वर्षाचा साठा भाताचा करा, भरडून महिन्यापुरतंच आणा. शिजवायचा तर सहा-आठ तास भिजवून, वाटीला अडीच-तीन वाट्या पाणी. उकड्याच्या पेजेला आठ-दहा वाट्या, मीठ शेवटी.

गुहागर: शब्दाला धरून बोलायचं तर आदिम आहार शेतीच्या आधीचा. त्यात असडी काय नि उकडा काय, धान्यच बसत नाही. आपल्याकडे त्या पानात कणगी, करांदे, सुरण असे कंद आणि मासे. फक्त ‘कच्चं तेच आदिम’ असं समजू नका. सुरणात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा तेच खाजवतात. आमसूल किंवा चिंच घालून नीट शिजवा. कडू करांदेही उकडून, पाणी टाकूनच खायचे.