१६ केबी पेजवर ॲप उघडताच बंद पडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बारकोड स्कॅन करून मालाची नोंद ठेवणारं आमचं एक छोटं अँड्रॉइड ॲप आहे. इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. आता अँड्रॉइड १५ च्या १६ केबी पेजवाल्या एम्युलेटरवर (संगणकावरचा नकली फोन; पेज म्हणजे सिस्टम मेमरी ज्या तुकड्यांत वाटते तो एक तुकडा, जो आधी ४ केबीचा असायचा) टाकलं, तर लोगो दिसतो न दिसतो तोच ॲप गायब! (पेजचा आकार खात्रीने १६३८४ बाइट आहे, ते आधीच तपासलं.)

कोटलिन भाषेतला भाग ठीक आहे, घोळ नेटिव्ह कोडचा (सी/सी++ मधून थेट प्रोसेसरसाठी बनवलेला भाग). आमची स्वतःची लायब्ररी एनडीके (नेटिव्ह कोड बिल्ड करायचं गूगलचं साधन) आर२८ ने पुन्हा बिल्ड केली, ती सुटली. घोडं अडलंय स्कॅनरच्या विकत घेतलेल्या लायब्ररीपाशी. तिचा सोर्स आमच्याकडे नाही आणि बनवणारे मेलला उत्तर देत नाहीत. झिपअलाइन हे साधनही वापरून पाहिलं, पण त्याने फक्त एपीकेमधली (ॲपच्या इन्स्टॉल पॅकेजमधली) फाइलची जागा जुळते. फाइलच्या आतले सेगमेंट (मेमरीत चढणारे तिचे भाग) ४ केबीवरच जुळलेले राहतात. म्हणजे वरवरची मलमपट्टी.

लायब्ररी बदलण्यावाचून दुसरा काही मार्ग आहे का? ॲप १६ केबी पेजवर चाललंच पाहिजे हा प्ले स्टोअरचा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, त्यामुळे नवा अपडेटही अडकलाय.

शिवाय एम्युलेटरचा कॅमेरा खोटाच, त्यावर स्कॅनिंगची परीक्षा कसली घेणार? पिक्सेल ८ डेव्हलपर ऑप्शनमधून १६ केबीवर चालवता येतो, पण त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करून सगळा डेटा पुसावा लागतो. रोजच्या वापरातल्या फोनवर हे करायला हात धजत नाही. कुणी केलंय का? परत ४ केबीवर येताना काही त्रास झाला?