फौजींच्या घरात पाहिलेला 'शेरशाह' : तुमचे अनुभव लिहा

कारगिल युद्धात शहीद झालेल्या कॅप्टन विक्रम बत्रांच्या आयुष्यावरचा 'शेरशाह' पिक्चर १२ ऑगस्ट २०२१ ला आला, तेव्हा कोल्हापुरातली थिएटरं बंद होती. जुलैच्या पुराचा चिखल नुकताच घरातून काढलेला. टाळ्या-शिट्ट्या नाहीत, टीव्हीसमोर घरचीच चार माणसं.

आप्पा तोफखान्यातले निवृत्त हवालदार. पॉइंट ५१४० ची चढाई सुरू झाली आणि ते उठून उभेच राहिले. "आता फायर उचलाय पायजे, पोरं जवळ गेली," असं पुटपुटत होते. मग टीव्ही थांबवायला लावून सांगू लागले. ५१४० म्हणजे त्या शिखराची मीटरमधली उंची, आपल्या कळसूबाईच्या तिप्पट. तिथं हवा विरळ, गोळा लांब जातो, मैदानातला हिशेब चालत नाही. आपले जवान शत्रूच्या जवळ पोचले की मारा पुढं सरकवायचा. लवकर सरकवला तर शत्रू डोकं वर काढतो, उशीर झाला तर आपलीच पोरं सापडतात.

एवढं बोलून ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. लहानपणापासून विचारलं की "ड्युटी होती" एवढंच सांगणारे आप्पा! ते खरं काय काम करायचे, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्याकडं काय झालं?

शिरोळ तालुक्यातून
मी सैनिक टाकळीची सून. गावाच्या नावातच सैनिक, त्यामुळं हा पिक्चर इथं परक्याचा नव्हता. १९९९ ला माझे थोरले दीर काश्मीरला होते. सासूबाई लढाई बघताना गप्प होत्या, बत्रांच्या घरचे प्रसंग आले की डोळ्याला पदर. नंतर त्यांनी ट्रंकेतली पत्रं काढली. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शेवटी '५६ ए.पी.ओ.', म्हणजे लष्कराच्या पोस्टाचा नंबर, एवढंच. माणूस कुठल्या डोंगरावर आहे, त्यावरून कळायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आधी तारीख बघायची. धा दिवसामागची असायची. म्हंजी धा दिवसामागं त्यो हुता, एवढंच समजायचं."

गडहिंग्लजहून
पहाटे भरतीच्या तयारीचं १६०० मीटर पळून आलो की आम्ही पोरं एकाच मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी बघायचो. ७ जुलै १९९९ ला पॉइंट ४८७५ वर बत्रा शहीद झाले, तेव्हा वय २४. कोरोनात भरती थांबली होती आणि माझं वय सरत होतं. माझं राहिलं, आमच्यातले दोघं पुढं अग्निवीर झाले. पळायला मी अजून जातो. नव्या पोरांची वेळ लावतो.

धागाकर्ती
दादा, आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला सांग, वेळ लावणारा लागतोच."

कागलहून
मी अर्ध्यातच बंद केला होता. आमचे हे तेव्हा लडाखला होते. फोनवर त्यांनीच विचारलं, "बघितलीस का?" म्हटलं, तुम्ही आल्यावर बघू. डिसेंबरात सुट्टीवर आल्यावर एकत्र बसलो. बत्रांना गोळी लागते तिथं यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालूच ठेवलं. पोरगी मांडीवर झोपली होती. मी विचारलं, उठेल म्हणून का? मान हलवून नाही म्हणाले. शेवटपर्यंत तसाच बिनआवाजाचा बघितला आम्ही.