शब्दचर्चा: ऑलिम्पिक, ऑलिम्पियाड, आणि 'खेळ' की 'स्पर्धा'?

मुलीच्या शाळेतून गणित ऑलिम्पियाडचा फॉर्म आलाय, तिचा प्रश्न असा की ऑलिम्पिक आणि ऑलिम्पियाड एकच का? मला धड सांगता येईना. शिवाय २०२४ चं पॅरिस हे ३३वं म्हणतात, पण झालेल्या स्पर्धा मोजल्या तर ३०च भरतात. आणि मराठीत 'ऑलिम्पिक खेळ' बरोबर की 'ऑलिम्पिक स्पर्धा'?

>> एकच का?

नाही, मुळात ऑलिम्पियाड म्हणजे काळ. एका ऑलिम्पिकपासून पुढच्या ऑलिम्पिकपर्यंतची चार वर्षं, आपण बारा वर्षांना तप म्हणतो ना, तसं. परंपरेनं इ.स.पू. ७७६ पासून मोजतात, त्या वर्षी ग्रीसमधल्या एलिसचा कोरोइबोस धावण्याची शर्यत जिंकला (तो स्वयंपाकी होता असं सांगतात). ग्रीसमधे प्रत्येक नगराचं कॅलेंडर वेगळं, त्यामुळे पुढे इतिहासकार 'अमक्या ऑलिम्पियाडचं तिसरं वर्ष' असं लिहायला लागले आणि त्या शर्यतीच्या विजेत्याचं नावही सोबत जोडायचे. शर्यतीचं नाव स्टेडियन, ते लांबीचं माप, ऑलिम्पियात (ग्रीसमधलं ठिकाण, जुनं ऑलिम्पिक तिथेच व्हायचं) साधारण १९२ मीटर, त्यावरूनच आपलं स्टेडियम.

३३ चं कोडंही त्यातच सुटतं. आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं त्या १८९६ पासून चार-चार वर्षं मोजत जातात, स्पर्धा होवो न होवो. १९१६, १९४० आणि १९४४ महायुद्धांत गेली तरी ६, १२ आणि १३ हे नंबर त्यांचेच राहिले. हिवाळी ऑलिम्पिकला मात्र झालेल्या स्पर्धाच मोजतात.

>> इंग्रजीत गेम्स, मग मराठीत खेळच ना? आशियाई खेळ म्हणतोच की आपण.

मी 'स्पर्धा'च्या बाजूने आहे, अगदी ठामपणे. ग्रीक लोक याला 'आगोन' म्हणायचे, म्हणजे चढाओढ, झुंज. मुलं खेळतात त्या खेळाला त्यांच्याकडे 'पाइदिया' हा वेगळा शब्द होता, तो मूल या शब्दावरूनच आलेला. 'गेम्स'चं वळण आलं रोमन लोकांच्या 'लुदी'वरून, म्हणून आपण इंग्रजीवरून भाषांतर करतो तेव्हा रोमन चष्म्यातून बघत असतो, आणि आपल्या हाताशी असलेला 'स्पर्धा' हा शब्द ग्रीक अर्थाच्या जास्त जवळ आहे हे लक्षातच येत नाही.

अ‍ॅथलीटचंही तेच, 'आथलॉन' म्हणजे बक्षीस, त्यासाठी झगडतो तो अ‍ॅथलीट. ऑलिम्पियात नुसता ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळायचा हे खरं, पण घरी परतल्यावर अथेन्समधे विजेत्याला ५०० द्राख्मा (तिथली नाणी) द्यायचा कायदा तिथल्या सोलोन या कायदेकर्त्याने केला होता असं प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो. त्यामुळे खरा ऑलिम्पिक खेळाडू हौशीच असतो ही कल्पना ग्रीकांची नाहीच, ती १९व्या शतकातल्या युरोपातल्या वरच्या वर्गाची. तिच्यापायी जिम थॉर्प या अमेरिकन अ‍ॅथलीटची १९१२ ची दोन्ही सुवर्णपदकं काढून घेतली, का तर आधी कधीतरी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते. हे वाचलं की अजूनही राग येतो.

>> म्हणजे खाशाबांचं हेलसिंकीचं ब्राँझ तिथे धरलंच नसतं?

नसतं. ऑलिम्पियात पहिला तो पहिला, दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही. सोनं-चांदी-ब्राँझ हा क्रम १९०४ च्या सेंट लुईसपासूनचा. १८९६ ला तर पहिल्याला चांदी, दुसऱ्याला ब्राँझ आणि तिसरा रिकाम्या हाताने घरी.

कुस्तीबद्दल अजून एक. तिथे वजनगटच नव्हते, फक्त मुलं आणि पुरुष एवढेच भाग. खाशाबा जाधव १९५२ ला ५७ किलोच्या बँटमवेट गटात लढले, जुन्या ऑलिम्पियात त्यांच्यासमोर क्रोटनच्या मिलोसारखा सहा वेळा ऑलिम्पिक जिंकलेला धिप्पाड गडीही आला असता! उभ्याने पकड घेऊन समोरच्याला पाडायचं, तीनदा पाडलं की जिंकलात. आपल्याकडे एकदा चितपट केलं की निकाल लागतो, त्यांचा निकाल एका पाडावावर लागत नव्हता. खाशाबांसारखा गोळेश्वर गावचा पैलवान वजनगट असलेल्या काळात लढला म्हणून आज त्या पदकाबद्दल बोलता येतंय, त्यामुळे जुनं ते सगळं शुद्ध आणि आताचं सगळं बाजारू असं कुणी म्हणालं की मला पटत नाही.

>> मॅरेथॉन तरी जुनी आहे ना?

गाव जुनं, लढाई जुनी (इ.स.पू. ४९०), शर्यत नवी. जुन्या ऑलिम्पिकमधली सगळ्यात लांब शर्यत दोलिखोस, ती जेमतेम चार-पाच किलोमीटरची. मॅरेथॉन १८९६ साठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच माणसाने सुचवली आणि स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक धावपटू ती जिंकला. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर पहिल्यांदा लंडनला १९०८ मधे धावले आणि कायमचं ठरलं १९२१ ला. त्यामुळे 'मॅरेथॉन बैठक', 'मॅरेथॉन चर्चा' हे पेपरातले शब्दही फार तर सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचे. आणि हा ब्रेआल पेशाने भाषेचा अभ्यासक, शब्दार्थाच्या अभ्यासाला 'सेमँटिक्स' म्हणतात ते नावही त्यानेच रूढ केलं.